मागच्या दाराचं लॉक

धाकटा भाऊ सासुरवाडीच्या लग्नाला नांदेडला गेला, तेव्हा गाडी आणि बाप दोन्ही माझ्या दारात लावून गेला. त्याला न्यायला सासऱ्यांचीच गाडी आली होती. आपल्या गाडीबद्दल त्याने ढीगभर सूचना दिल्या. उन्हात ठेवू नको, दार जोरात आपटू नको, पेट्रोल भलत्या पंपावर भरू नको. बाबांबद्दल एकच सूचना होती, जास्त हिंडवू नको. मी आदिलाबादला शाळेत विज्ञान शिकवते. भाऊ मंडल ऑफिसात, म्हणजे तहसीलमध्ये, साहेब आहे आणि साहेब झाल्यापासून घरातही अर्ज निकाली काढल्यासारखा बोलतो.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. गाडी लावली, चालता चालता सवयीने रिमोट दाबला आणि नंबर लावायला घाईने पुढे गेले. बाबा मागोमाग येतील असं वाटलं, पण ते येईनात म्हणून बाहेर आले तर म्हातारा मागच्या सीटवर घामाने निथळत बसलेला. हाक नाही, काच वाजवणं नाही. रिमोट दाबला तर तीन दारांची बटणं टकटक वर आली, त्यांच्या दाराचं तेवढं खालीच. शेवटी पुढच्या दारातून हात घालून ते बटण ओढून वर केलं आणि बाहेरून दार उघडलं.

"लॉक खराब हाये, माय," बाबा म्हणाले. "दोन सालं झाली."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सीटवर नवी कव्हरं चढवायला याला फुरसत मिळते, आणि बाप ज्या दाराशी बसतो ते दुरुस्त करायला मिळत नाही. ओळखीच्या मेकॅनिकने गाडी न बघताच फोनवर सांगून टाकलं, पूरा लॉक बदलना पडेगा, हैदराबाद से मंगाना पडेगा. मी म्हटलं, आधी मीच बघते.

अंगणात गाडी घेतली. बाकीची तीन लॉकं चालतात म्हणजे फ्यूज ठीक होता. दाराला कान लावून रिमोट दाबला तर आत मोटर घुरघुरत होती, म्हणजे करंटही पोचत होता. जोर लागत होता, पण काहीतरी अडत होतं. मोबाइलवर व्हिडिओ बघत स्क्रू काढले, ओढून दाराचं आतलं कव्हर उतरवलं. त्यात दोन क्लिपा तुटल्या, त्यांचा मी भावाच्या नावाने उद्धार केला. बाबा बाजूला खुर्ची टाकून स्क्रू ओंजळीत धरून बसले होते. आत बघितलं तर खटक्यातलं ग्रीस वाळून चिकट झालेलं आणि त्यात धूळ आणि जिनिंग मिलचा उडता कापूस बसून घट्ट बोळा झालेला. टोकदार चिमट्याने तो काढला, स्प्रे मारला, जुन्या ब्रशने घासलं, नवं ग्रीस लावलं. रिमोट दाबला आणि चारही बटणं एकदम वर आली. मला इतका आनंद झाला की बाबांना लगेच आत बसवलं, दार लावलं आणि म्हटलं, आता तुमच्या हातानं खोला.

त्यांनी आतली कडी ओढली. दार उघडलं नाही. बटण तर वर होतं. मी बाहेरून ओढलं, सहज उघडलं. मग दाराच्या कडेला, एरवी दार लागलं की दिसत नाही अशा जागी, ती छोटी खिट्टी दिसली. लहान मुलांनी चालत्या गाडीत दार उघडू नये म्हणून असते ती. खाली पाडलेली होती. दुसऱ्या बाजूला जाऊन पाहिलं, तिकडचीही खाली. भावाची मुलगी बासरला इंजिनिअरिंग शिकते. या गाडीत लहान मूल कधी बसलेलंच नाही. मी दोन्ही वर केल्या.

मी बाबांकडे बघितलं. ते मुठीतले स्क्रू बघत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पाडतानी पायलं ना म्या त्याले. वरचं बटण अटकलं ते मंग. त्याले बरंच झालं."

बाबा शाळेत शिपाई होण्याआधी सालदार होते, वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबायचे. त्यांच्या बरोबरचे म्हातारे अजून तामसीच्या फाट्यावर चहाला बसतात. गाडी तिथे हळू झाली की बाबा उतरायचे आणि साहेबांचा बाप सालदारांच्या बाकावर बशीतून चहा प्यायचा. साहेबांना ते खपत नव्हतं.

"मागच्या पोळ्याच्या सुमाराले माह्या सालदारीतल्या जोडीदाराच्या दारापुढं तिरडी बांधून राह्यले होते," बाबा म्हणाले. "म्या म्हटलं, उतरू दे. तो म्हणे, लॉक अटकलं, बाबा."

मला इतका संताप आला की भावाला लावायला फोन हातात घेतला. बाबांनी माझं मनगट धरलं. तुमच्या बहीणभावात काऊन भांडण लावू म्हणून सांगितलं नव्हतं, म्हणाले. मी म्हटलं, इथेच राहा माझ्याकडे. पण दोन खोल्यांत नवरा, सासू आणि मी. त्या 'राहा'त किती दम आहे ते त्यांना कळत होतं आणि मलाही.

"मले त्याच्याच घरी राहाचं हाये, माय," ते म्हणाले. "जसं होतं तसं करून ठेव."

मी दोन्ही खिट्ट्या परत खाली पाडल्या.

रविवारी भाऊ आला. बाबा त्याच्या आधीच मागे जाऊन बसले होते. लॉक दुरुस्त केलं म्हटल्यावर त्याने रिमोट दोनदा दाबून पाहिला आणि खूश झाला. ताई, शाळा सोड, गॅरेज टाक, म्हणाला. मी हसले, याची मला अजून चीड येते. मग तो गाडीत बसला, लॉक केलं. बाबांच्या दाराचं बटण आता कुठेही अडलं नाही, बाकीच्यांबरोबर झटकन खाली गेलं.