मामेसासरे आणि कुडकुडणारं इंजिन

माझ्या मामेसासऱ्यांइतका थंडीला घाबरणारा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात सापडायचा नाही. फक्त ती थंडी त्यांना स्वतःला कधी वाजली नाही, वाजायची ती त्यांच्या डिझेल इंजिनाला. पौषात नवेगाव बांधच्या तळ्यावरून दात वाजवणारा वारा सुटला, की मामा बनियनवर फिरत आणि इंजिनावर दोन पोती, एक गोधडी आणि वर मामींची नवी शाल असे. मामींनी शालीचा विषय काढला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तुले थंडी वाजली तं तू सांगतेस. त्याले तोंड हाये का?"

सकाळी चुलीवर तापलेलं पहिलं हंडाभर पाणी इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत जाई, म्हणून मामींची आंघोळ हिवाळाभर दुपारी व्हायची. मग मामा इंजिनाला कान लावून ते उबेला आलं का ते ऐकत. तेवढ्या वेळात कुणी निराशेचं बोलायचं नाही. मी एकदा नुसती जांभई दिली, तर मला गोठ्यापलीकडे जाऊन उभं राहायला सांगितलं. आणि हँडलला दुसऱ्या कुणाचा हात? छे! चाक हलकं फिरावं म्हणून डाव्या हातानं वरचा खटका दाबून धरायचा, उजव्यानं हँडल फिरवायचं, चाकाला वेग आला की खटका सोडायचा, हे सगळं ते एकटेच करत.

दोन वर्षांपूर्वी ऐन मळणीत आभाळ भरून आलं. शेजारच्या काकूंचं धान खळ्यावर उघडं पडलेलं, आणि घरात करणाऱ्या त्या एकट्याच. मामांनी न बोलावता मळणीयंत्राला जोडायला इंजिन बैलबंडीवर घालून नेलं. गरम पाणी झालं, कान लावून झाला, हँडल नऊदा फिरलं. दरवेळी एक फुसका धूर निघे आणि सगळं गप्प. काकू नुसत्या आभाळाकडे बघत बसल्या. मामांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जावईबापू, खटका तुमी धरा," ते म्हणाले. "मी सांगीन तवाच सोडा."

त्यांनी दोन्ही हातांनी हँडल धरलं. चाक असं फिरलं की माझ्या कानात वारा घुमला. "सोडा!" मी सोडला. इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं आणि टकटक करत सुरू झालं. मामा पाठमोरे होऊन डोळे पुसत होते. विचारलं तर म्हणाले, धूर गेला. शेवटचं पोतं ओसरीवर चढलं आणि पहिले थेंब पडले.

त्या दिवशी त्यांचा खांदा दुखावला होता, हे आम्हाला महिन्यानं कळलं. तो पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. यंदा त्यांनी हँडल माझ्या हातात दिलं, खटका मामींना धरायला लावला आणि स्वतः खाटेवर जाऊन बसले. इंजिन दुसऱ्याच झटक्याला सुरू झालं. शाबासकी मिळेल म्हणून मी वळून पाहिलं. मामा माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर चाकावर होती, आणि मांडीवरचा उजवा हात हळूहळू गोल फिरत होता.