दाढ ओली, लेप फुकट

"बाई, तुमचं औषध पोरीनं भाकरीसंगं खाऊन टाकलं वो!"

वरवट बकालच्या शाळेत एका आईनं मला सगळ्यांसमोर सुनावलं. मी पोरीचं तोंड उघडून पाहिलं. खरंच होतं. दाढेवर लेपाचा मागमूस नव्हता. खाचेत काळी कीड मात्र दिसत होती.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी बुलढाण्याला सरकारी डेंटिस्ट होते. सहा-सात वर्षांच्या मुलांना पहिली कायमची दाढ येते. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात. अन्न तिथं अडकतं आणि दाढ किडते. म्हणून त्या खाचा आधीच पातळ लेपानं बुजवायच्या. त्याला सीलंट म्हणतात. आपल्याकडे हे काम तेव्हा अगदी नवं होतं.

आधीच्या शिबिरात लेप लावलेली बाकीची मुलंही तपासली. बहुतेकांचे लेप निघाले होते.

"माल खराब असेल," बुलढाण्याला परतल्यावर आमचे वरिष्ठ साहेब म्हणाले.

माल चांगला होता, घाई वाईट होती. लेपाआधी दाढेला ॲसिड लावून ती खरखरीत करतात, धुतात, वाळवतात. मग ती खडूसारखी पांढरी दिसते. त्यावर थुंकी लागली की लेप धरतच नाही. आणि आम्हाला तर एका दिवसात अख्खी शाळा उरकायला सांगितलेलं.

"सर, यापुढे एका मुलामागे दोन माणसं लागतील. एकानं कापूस धरून दाढ कोरडी ठेवायची, दुसऱ्यानं लेप लावायचा. थुंकी लागली तर पुन्हा ॲसिडपासून. अर्धवट आलेल्या दाढेला हात लावायचा नाही."

"शिबिर आहे की लग्न? टार्गेट कसं होणार?"

"नाही होणार."

"वरून विचारतील."

"माझं नाव सांगा."

"बदली होईल, मॅडम."

"तिथल्याही मुलांना दाढा असतीलच, सर."

पुढच्या शिबिरात आमच्या सिस्टर कुसुमताई कापूस धरून रबरी फुग्यानं हवा मारून दाढ वाळवू लागल्या. "जीभ नको हालवू बाबू, नाही तं पुन्हा आंबट लावा लागीन!" दुपारपर्यंत अर्धी रांगही सरली नाही. हेडमास्तर कुरकुरले. उरलेल्यांना मी दुसऱ्या दिवशी बोलावलं.

वर्षभरानं साहेब स्वतः तपासायला आले. प्रोब म्हणजे दात तपासायच्या टोकदार सळईनं एकेक लेप खरवडून पाहिला. एखादाच निघाला.

"टिकलेत. पण संख्या फारच कमी."

"तोंडात उरली तेवढीच खरी संख्या, सर."

थोड्याच दिवसांत माझी बदली झाली. साहेबांनी शब्द पाळला. मीही नव्या गावी पहिल्याच दिवशी दुसरं माणूस मागितलं. टार्गेट कागदावर वाढवता येतं. दाढ मात्र वाळायला लागायचा तेवढा वेळ घेतेच.