चाचीच्या तोंडाला पाणी सुटेपर्यंत

जगात फळं विकणारे पुष्कळ, खाणारे त्याहून पुष्कळ. पण पैसे काढून समोर उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला "ही पपई आज रिकामी नही" असं सांगून परत पाठवणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच असेल, आणि तो आमच्या शहाद्यात, माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. आमचे बागवानचाचा. स्टँडाजवळच्या त्यांच्या हातगाडीवर बाकीची फळं चारचौघांसारखी रांगेत असतात आणि एखादंच फळ मात्र स्वच्छ पुसून, उलट्या पातेल्यावर, मिरवणुकीतल्या नवरदेवासारखं बसवलेलं असतं. त्याला हात लावायचा नाही. एकदा माझ्यादेखत एका बाईने नेमकी तीच पपई मागितली. चाचा म्हणाले, "ती भेटाव नही, ताई. ती बठेल शे."

"बठेल शे म्हंजे?"

"फोटोले बठेल शे."

बाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "याले ऊन लागनं का वं?" मी आपली केळी घेतली आणि निघाले.

फोटो म्हणजे चित्र. गाडीमागे स्टुलावर बसून, मांडीवर फळी, फळीवर कागद, आणि नातीच्या दप्तरातून सुटलेल्या रंगीत पेन्सिली शर्टाच्या खिशात. या वयात हे वेड शिरलं कुठून, असं गावाने बरंच विचारलं. मला ठाऊक आहे, कारण ते शिरलं तेव्हा मी त्यांच्याच अंगणात बसून तूर निवडत होते.

त्याचं असं झालं, की चाचींना साखर निघाली. बागवानाच्या घरात दिलेली बाई. तिने जन्मभर भाजीपेक्षा फळं जास्त खाल्ली. आंब्याच्या दिवसांत तर ती चोखलेल्या कोयी परातीत गोल मांडून ठेवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, जसं काही दागिनेच. डॉक्टरांनी आंबा, चिकू, सीताफळ, द्राक्षं, सगळ्यांवर काट मारली आणि जांभळं खा म्हणाले. चाची म्हणाली, "जामुन भी कोई फल है? वो तो दवा है." पण त्या दिवसापासून चाचा घरी पेटी उघडायला लागले की ती भिंतीकडे तोंड करून झोपायची. मग चाचांनी पेट्या घरी आणणंच बंद केलं. आणि एका दुपारी जेवायला आले तेव्हा तिच्यापुढे एक कागद ठेवला. त्यावर काहीतरी तपकिरी, वाटोळं होतं.

"ले, खा," चाचा म्हणाले.

चाचीने कागद लांब धरला, जवळ धरला. "ये क्या है?"

"चिकू."

"चिकू? आलू दिखरा."

"फिर कैसा होना मंगता?"

"मुँह में पानी आना मंगता," चाची म्हणाली. "नहीं आया तो काहे का फल?"

झालं. तेव्हापासून चाचांच्या आयुष्यात दुसरं काही उरलं नाही. बायकोच्या तोंडाला पाणी सुटलं पाहिजे, आणि तेही कागद बघून.

आता चित्रकलेत मीही काही लहान नव्हते. निदान तसं मला वाटायचं. लग्न होऊन या गावात आले तेव्हा माझ्या पेटीत चित्रकलेच्या परीक्षेचं प्रशस्तिपत्र होतं, आणि ते मी फ्रेम करून बाहेरच्या खोलीत देवांच्या रांगेत लावलं होतं. शेजारी मी काढलेलं सफरचंद. लालभडक, आणि भोवती काळी जाड रेघ, कुणी चोरून नेऊ नये म्हणून कुंपण घातल्यासारखी. पाहुणे आले की मी पाणी द्यायच्या आधी सफरचंदाकडे मान वळवायची. एकदा माझ्या सासूबाई त्याच्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मी कौतुक ऐकायला पदर सावरून उभी राहिले. त्या म्हणाल्या, "टमाटा मातर झकास काढेल शे, सूनबाई!" मी दोन दिवस रुसले. केवढी ती ऐट! नाकावर माशी बसली तर तिलाही आधी प्रशस्तिपत्र दाखवलं असतं मी. आज ती पोरगी समोर आली तर तिच्या हाती टमाट्याची पाटी देऊन बाजारात बसवीन.

तर या जुन्या ऐटीवर मी चाचांना सल्ला दिला, की सावलीला काळी पेन्सिल वापरा, फळ उठून दिसतं. चाचा भला माणूस. "तुम्ही शिकेल शेतस, भाभी," म्हणाले आणि आंब्याच्या एका अंगाला काळं घासलं. मग कागद उन्हात धरून बघितला. "भाभी, हाऊ तर उतरी गया. गिऱ्हाईक हात लावाव नही." आणि उतरलेल्या फळांचं जे ते रोज करतात तेच त्याचंही केलं, बाहेरच्या बकरीपुढे टाकला. बकरीने खाल्ला. माझ्या शिक्षणाचा इतका सरळ निकाल आजवर कुणी लावला नव्हता.

चाचांची रीत वेगळीच. आपण साल बघतो आणि साल रंगवतो. चाचांना ते पटत नाही. "आंबा मझारथून पिकस, भाभी. वरथून कसा काढू?" म्हणून ते आधी कोय काढतात. तपकिरी, रेषांसकट. मग तिच्यावर गर: आधी फिकट पिवळा, अगदी हलक्या हाताने, मग नारिंगी, मग किंचित लाल, मग पुन्हा पिवळा. हे सगळं होईस्तोवर चहा दोनदा गार होतो. शेवटी साल चढवायची आणि वरून पांढरी पेन्सिल घासायची, त्याला ते पॉलिश म्हणतात. आत काढलेलं कुणाला दिसत नाही, असं मी एकदा म्हणाले, तर माझ्याकडे असे बघू लागले जसं मी पोकळ आंबा विकायला सांगितलं. कधीकधी मात्र आतलं बाहेर दिसायचं. एका मोसंबीच्या बिया सालीतून अशा डोकावल्या, की चाची म्हणाली, "इसको चेचक निकली है, दूर रख."

हाताच्या सवयी तर जातच नाहीत. काढलेली पपई पिकली का म्हणून कागद अंगठ्याने दाबून बघणार. एकदा द्राक्षांचा घड खरोखर सुरेख जमला होता, प्रत्येक मण्यावर धुकं धरल्यासारखं. चाचांनी तो समाधानाने बघितला, आणि दिवसभर गाडीवर करतात तसं ओंजळीत पाणी घेऊन शिंपडलं. कागद फुगला, त्याला सुरकुत्या पडल्या. चाची पोट धरून हसली. "अब किशमिश हो गई!" हसता हसता तिने ओढणी तोंडावर घेतली. मला वाटलं, हसू लपवतेय.

निकाल मात्र रोजचा ठरलेला. चाचा कागद पुढे धरणार, विचारणार, "आया?" आणि चाची जीभ टाळ्याला लावून बघितल्यासारखं करून म्हणणार, "नहीं आया." केळं खोटं, पेरू कच्चा, सीताफळ म्हणजे गोणपाटाची गुंडाळी. चाचांचं तोंड पडायचं. रात्रीपर्यंत गाडीवर राहणारा माणूस आता दुपार कलली की गाडी झाकून घरी यायचा, चाचीच्या बाजेशेजारी स्टूल टाकायचा आणि पुन्हा कोयीपासून सुरुवात करायचा.

यंदाच्या उन्हाळ्यात धडगावच्या जीपमधून गावरान आंबा उतरला. बारका, चोखायचा, डोंगरातला. चाचीचा सगळ्यांत लाडका. वासाने गल्ली भरली. चाचांनी एक आंबा निवडला आणि चाचीला वास लागू नये म्हणून बाहेर ओट्यावर ठेवला. मग काय, बाहेर जायचं, बघायचं, आत यायचं, दोन रेघा मारायच्या, पुन्हा बाहेर. असा येरझारा घालून काढलेला आंबा मी तरी दुसरा बघितला नाही. कोय झाली, गर झाला. थरावर थर देता देता कागदावर असा रंग आला, की मी तुरीचं सूप खाली ठेवून बघत बसले. साल चढवायची वेळ आली आणि हिरवी पेन्सिल नखाएवढी उरलेली. "आलोच, भाभी," म्हणून चाचा पेन्सिल आणायला चौकात गेले. कागद स्टुलावर राहिला.

चाचीने मान वळवली. बघत राहिली. साल नव्हती ना अजून. नुसता गर, ओला, चकाकणारा, कुणीतरी सोलून हातात दिल्यासारखा. तिचा गळा वर-खाली हलला. मग पुन्हा. तिने ओढणीचा पदर ओठांवर धरला, आणि मला कळलं की द्राक्षांच्या वेळीही ती हसू लपवत नव्हती.

"चाची! सुटलं की पाणी!"

"चूप, बेन." तिने दाराकडे पाहिलं. "बोलना मत उसको."

"अहो, पण तो माणूस बिचारा किती दिवस..."

"पास कर दिया तो कल से फिर रात तक गाडी पे," ती म्हणाली. "शादी को इतने साल हुए, इसके पहले शाम को कभी घर में देखा तू ने उसको?"

नव्हतं बघितलं. भिंतीला भिंत असून नव्हतं.

चाचा हिरवी पेन्सिल घेऊन आले, घामाने निथळलेले. आधी कागदाकडे बघितलं, मग बायकोकडे. काहीतरी ताडलं असावं त्यांनी. "आया क्या?" आवाज अगदी बारीक.

"आम को कपडे नहीं पहनाए और पूछरा, आया क्या!" चाची भिंतीकडे बघत म्हणाली.

मग ते माझ्याकडे वळले. "भाभी, तुम्ही सांगा. तुम्ही आठेच बठेल व्हत्या. सुटनं का पाणी?"

आयुष्यभर मी चित्रांवर मत द्यायला टपलेली. कुणी विचारलं नाही तरी देणारी. आणि पहिल्यांदाच कुणीतरी इतक्या आशेने विचारत होतं. मी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. चाची श्वास रोखून पडली होती.

"कोय जरा मोठी झाली, चाचा," मी म्हणाले.

चाचांनी गंभीरपणे मान हलवली. "व्हय. मालेबी तेच वाटी ऱ्हायनं व्हतं." आणि फळीवर नवा कोरा कागद लावून तपकिरी पेन्सिलीला टोक काढायला बसले.

"स्टूल इधर ले," चाची म्हणाली. "उधर से मेरे को कुछ दिखता नहीं."

तिला लांबचं सगळं स्पष्ट दिसतं. चौकात उभ्या माणसाच्या शर्टाची बटणं सांगते ती. चाचांनी स्टूल बाजेला टेकवून घेतलं. मी सूप उचललं आणि जाता जाता दार हळूच ओढून घेतलं.