आंबिवलीतलं वाकलेलं गाणं

साठच्या दशकातल्या एका रॉक गाण्याची तबकडी मी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये, भर उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली. दीड तास गाडी हलली नाही. तबकडी मात्र वाकली.

कोपरीच्या एका भंगारवाल्याकडे ती मला मिळालेली. कॉलेजातल्या चार पोरांचा बँड, इंग्रजी शब्द, मध्येच उलटी वाजणारी गिटार. आज हे गाणं कुणाला आठवत नाही. लेबलवरच्या गायकाच्या नावावरून विचारत विचारत त्याच्या बहिणीपर्यंत पोचलो. मला फक्त त्याचा फोटो हवा होता, संग्रहात लावून मिरवायला.

कल्याण मागे पडलं, टॉवर विरळ झाले. आंबिवली स्टेशनामागच्या बैठ्या घरात त्या बहिणीने, बारकूबाईंनी, आधी पान वाढलं: तांदळाची भाकरी आणि जवला (बारीक सुकी कोळंबी). मी निर्लज्जपणे तिसरी भाकरी घेतली, तेव्हा त्या म्हणाल्या, "फोटो हाय माजेकडं. पन आवाज इसरले. भाऊ काळू नदीत बुडाला तवा मी बारा वर्सांची. आनलास ना रे आवाज?"

उरलेली भाकरी बाजूला सारून मी तबकडी काढली. वाकल्याचं मी बोललोच नाही. पेटीसारखा माझा प्लेयर उघडला, सुई उडू नये म्हणून दांडीवर नाणं ठेवलं.

गिटार वर गेली, खाली आली. मग त्याचा आवाज: जाड होत, बारीक होत, पाण्याखालून कुणी बोलावं तसा. असल्या गाण्यांत हे खपून जातं, अशी मी स्वतःची समजूत घातली. दारातलं कुत्रं उठून चालतं झालं.

आणि सुई अडकली. ओळ सुरू होण्याआधी त्याने घेतलेल्या श्वासावर. श्वास. पुन्हा तोच श्वास. भर दुपारी त्या खोलीत आम्हा दोघांखेरीज तिसरं कुणीतरी श्वास घेत होतं.

मी हात पुढे केला. बारकूबाईंनी मनगट धरलं. त्यांचे डोळे मिटलेले.

"ऱ्हाऊ दे. तो असाच घ्यायचा. नाकातनं, आवाज करत."

मी तसाच ऐकत बसलो. शेवटी राहवेना. म्हटलं, "मावशी, तबकडी माझ्यामुळे वाकली. उन्हात ठेवलेली. ठाण्यात एक जण सरळ करून देतो. नेतो, आठवड्यात परत आणतो."

त्यांनी भिंतीवरचा फोटो काढून माझ्या हातात कोंबला.

"ह्यो ने. ती हितंच ऱ्हाईल, तुझी पेटी पन. तुझ्या हाती दिली तर माजे भावाचा श्वास पन बंद पाडशील."