कॉफीच्या मशीनची चिमणी

लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकच्या पुढे गेलेलं नाही, आणि माझ्या हातूनही आजवर प्रयोगवहीखेरीज काही लिहून झालेलं नाही. प्रयोगवहीत उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष असा क्रम असतो. इथे तो पाळता येणार नाही, कारण ज्या गोष्टीबद्दल लिहितो आहे तिचा निष्कर्ष आधी ठरला होता आणि साहित्य नंतर आणलं गेलं. धुराच्या एका पाईपवर कोणी चार पानं लिहावीत का, हा प्रश्न रास्त आहे. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

दुष्काळाच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा होता. नगरला सायन्सच्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन मी सुटीत मामांकडे आलो होतो. मामांचं गाव राहाता आणि कोपरगावच्या मध्ये. चारी बाजूंना ऊस, आणि जिथे ऊस नाही तिथे उसाचं राजकारण. मामा साखर कारखान्याच्या संचालकपदाला उभे राहून पडले होते. पडलेला माणूस महिना-दोन महिने तोंड दाखवत नाही. मामा दुसऱ्याच दिवशी फेटा बांधून, ज्यांनी पाडलं त्यांच्याच ओट्यावर चहाला गेले. "पडलो म्हंजे मेलो न्हाई," असं तिथे सांगून आले.

कारखान्याच्या कॉलनीत दोन-तीन साहेब दक्षिणेकडचे होते. त्यांतले चीफ केमिस्ट एका लग्नाच्या पंगतीत मामांशेजारी बसले आणि सहज म्हणाले, इकडे सगळं मिळतं, फक्त ताजी भाजलेली कॉफी मिळत नाही. दुसरा कोणी असता तर "खरं आहे" म्हणून जिलबी वाढून घेतली असती. मामांनी ते वाक्य घरी आणलं. साहेबांच्या घरात आपली कॉफी, चेअरमन त्या साहेबांकडे आले की त्यांच्या कपात आपली कॉफी, आणि पुढच्या निवडणुकीत पॅनेलमध्ये आपण, असा रस्ता त्यांना स्वच्छ दिसला. स्वतः त्यांनी कॉफी आयुष्यात एकदाच प्यायली होती आणि भाजलेल्या चिंचोक्यांचं पाणी म्हणून कप खाली ठेवला होता.

पुण्यात एक जुनं कॉफीचं दुकान बंद होत होतं. तिथलं भाजायचं मशीन मामांनी ट्रकमधून आणलं. लोखंडी ड्रम, खाली कोळशाची शेगडी, ड्रम फिरवायला मोटर आणि मागे धूर बाहेर ढकलणारा छोटा पंखा. धूर न्यायचा पाईप मात्र पुण्याच्याच भिंतीत राहिला होता. रस्त्याकडेच्या मामांच्या इमारतीत, खालच्या गाळ्यात मशीन बसलं. त्याच इमारतीत वर, मागच्या बाजूला, दोन खोल्यांत बाई राहत होत्या.

बाई म्हणजे मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. वीस वर्षं मामांच्या भाडेकरू. शाळेला मी मामांकडेच होतो; मला इंग्रजी त्यांनी शिकवलं आणि वडिलांकडे जाऊन कॉलेजचंही त्यांनीच पटवलं. त्यांना दमा होता. घरात अगरबत्ती लावत नसत, आणि शेजारी कोणी मिरच्या भाजणार असेल तर आधी निरोप द्यायचा, हा नियम सगळ्या आळीने मान्य केला होता.

मामांनी पाईपशिवायच पहिली भट्टी लावून पाहिली. कॉफीच्या बीवर एक पातळ साल असतं. भाजताना ते सुटतं आणि धुराबरोबर उडतं. दहा मिनिटांत गाळा दिसेनासा झाला. बाई पदर नाकाला लावून जिना उतरल्या आणि रस्त्यापलीकडच्या पारावर जाऊन बसल्या. मी पाणी घेऊन गेलो. श्वास जुळल्यावर त्या म्हणाल्या, "तुझ्या मामांना मशीन आणायचा हक्क आहे. पण पाईप तू निवड. धूर माझ्या खिडकीच्या वरून जाऊ दे. नाही गेला तर मला श्रीरामपूरला बहिणीकडे जावं लागेल. आणि माझी बहीण दिवसभर रेडिओ लावते."

हसत म्हणाल्या, पण हात छातीवरच होता.

मशीनबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. गावात ती वाचू शकणारे दोघंच, बाई आणि मी. तीन दुपारी आम्ही त्यांच्या खोलीत शब्दकोश घेऊन बसलो. पुस्तिकेत सगळं होतं. पाईप सहा इंची, मशीनच्या तोंडाएवढाच. जितका सरळ तितका चांगला, वळण शक्यतो एकच. आडवा पाईप टाळा, कारण साल त्यात साचतं आणि पेटतं. साफ करायला खाली झाकण. वरचं टोक छपराच्या वर, त्यावर पावसाची टोपी, पण अशी की धूर अडू नये. मशीन मागच्या भिंतीला लागूनच होतं. तिथून सरळ छपरावर नेला की धूर बाईंच्या खिडकीच्या वरून गेला असता आणि काम झालं असतं. कोपरगावच्या पत्र्याच्या मिस्त्रीने जस्ताचा पत्रा दाखवला, बोटाने वाजवला आणि म्हणाला, "आठ दिवसांत देतो. पंधरा वर्षं बघायला नको." मी वहीच्या पानावर चित्र काढलं. मापं टाकली. त्या चित्राचा मला अभिमान वाटला होता, हे कबूल करतो.

मामांनी चित्र हातात धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"ह्ये काय हाय?"

"पाईप, मामा. सहा इंची."

"आरं, ह्यो पाईप हाय का सायकलचा पंप? आन मागल्या भिंतीला? तिथं कोन बघनार, म्हशी?"

"बघायला नाही मामा, धूर जायला."

"धूर जातोय रं. धुराला कोन धरून ठेवतंय?" मामा ओट्यावरच्या मंडळींकडे वळले. "कारखाना कशावरनं वळखत्यात? चिमनीवरनं. दोन कोसांवरनं चिमनी दिसली की माणूस म्हणतंय, कारखाना आला. आन माज्या कारखान्याला सायकलचा पंप!"

मंडळी हसली. त्या दिवसापासून गाळ्याला कोणी गाळा म्हटलं तर मामा उत्तर देईनात.

एका जुन्या गुऱ्हाळाच्या भंगारात चोवीस इंची लोखंडी पाईप पडला होता. तो मामांनी उचलला. बैलगाडीवर तो येताना पोरं आत शिरून एका टोकाने दुसऱ्या टोकाला निघत होती. चिमणी रस्त्याच्या बाजूला उभी करायची ठरली. मशीन मागे, चिमणी पुढे. म्हणून मधे आडवा पाईप आला, अख्ख्या गाळ्याच्या लांबीचा, तीन वळणांचा, बाईंच्या खोलीच्या बरोबर खालून. सहा इंची तोंडाला चोवीस इंची चिमणी जोडायला वेल्डिंगवाल्याने एक मोठं नरसाळं केलं. सांधे नीट बसेनात तेव्हा त्यांना माती लिंपली.

मी बोललो नाही असं नाही. एकदा बोललो. "मामा, पुस्तिकेत लिहिलंय, मोठ्या पाईपात धूर गार होतो आणि वर चढत नाही."

मामा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि मंडळींसमोर विचारलं, "तूच सांग सगळ्यांस्नी. तू सायन्सवाला. धूर हलका का जड?"

"हलका."

"हलकी चीज वर जाती का खाली?"

"वर."

"आन रस्ता रुंद असला तर गाडी सोपी जाती का अवघड?"

पंधरा माणसं माझ्याकडे बघत होती. त्यांतल्या एकाच्याही घरात कॉलेजला गेलेला कोणी नव्हता, आणि कॉलेजचा माणूस मामांच्या बाजूचा आहे की विरुद्ध, एवढंच त्यांना ऐकायचं होतं. मी म्हणालो, "सोपी."

"झालं! सायन्सनं शिक्का मारला," मामा म्हणाले, आणि चहा सांगितला.

संध्याकाळी बाईंनी जिन्यातून हाक मारली. "काय ठरलं रे? मामा म्हणतात, तू पास केलंस."

मी मान हलवली.

"तू नीट पाहिलंस ना?"

"हो, बाई."

"मग ठीक," त्या म्हणाल्या. एवढंच. त्या मला तिसरीपासून ओळखत होत्या आणि मी खोटं बोलत नाही असा त्यांचा अनुभव होता.

कारखान्याचा हंगाम सुरू होताना बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं. मांडव, पूजा, संचालकाच्या हस्ते अग्नी, भाषणं. ते दसऱ्याच्या सुमाराला. मामांना तोवर थांबवेना. मेअखेरीस त्यांनी कॉफीच्या मशीनचं अग्निप्रदीपन काढलं. पत्रिका छापल्या. त्यांत मशीनला "संयंत्र" म्हटलं होतं. चिमणीला झेंडूची माळ घातली, आणि ती पोहोचावी म्हणून नारळ उतरवणाऱ्या माणसाला बोलावलं. व्हाइस चेअरमन आले. चीफ केमिस्टही आले, आणि आडव्या पाईपकडे बराच वेळ बघत राहिले. शेवटी त्यांनी मला हळूच विचारलं, "हे कोणी डिझाइन केलं?" मी चपलेचा अंगठा नीट करायला खाली वाकलो.

नारळ फुटला, शेगडी पेटली, ड्रम फिरू लागला. पहिली काही मिनिटं वास इतका सुंदर होता की मलाच वाटलं, पुस्तिका चुकली असेल. मग धूर निघाला. छोट्या पंख्याने त्याला ढकललं, तो नरसाळ्यात शिरला, गार चिमणीत थोडा चढला, थबकला आणि आल्या वाटेने परत फिरला. लिंपलेली माती सुकून तडकली होती. प्रत्येक सांध्यातून तो शिस्तीत बाहेर येऊ लागला. चिमणीच्या टोकातून काहीही निघालं नाही. झेंडूची माळ मात्र ताजी राहिली.

व्हाइस चेअरमनांचं भाषण त्याच वेळी होतं. ते शेतकऱ्याच्या पोराने उद्योगात उतरण्याबद्दल बोलत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लोकांना वाटलं, साहेबांचं मन भरून आलं. मागच्या रांगेतला एक म्हातारा स्वतःचे डोळे पुसत म्हणाला, "लई मनापासनं बोलत्यात." टाळ्या झाल्या. मामांचेही डोळे वाहत होते. ते अश्रू बहुधा खरे होते.

मी वर पाहिलं. बाईंची खिडकी बंद होती आणि फटीतून धूर आत जात होता. खालच्या फरशीतून तो आधीच पोहोचला असावा. थोड्या वेळाने त्या जिना उतरल्या, एकेका पायरीवर थांबत. हातात पिशवी होती. गर्दीने वाट दिली. माझ्याजवळ आल्यावर थांबल्या. बोलायला त्यांना वेळ लागला.

"पुस्तिकेत किती इंची होता रे?"

"सहा."

"आणि हा?"

"चोवीस."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पारावर जाऊन बसल्या. मी पाणी घेऊन गेलो तेव्हा त्यांनी ते घेतलं. रागावल्या नाहीत. मी आयुष्यात पुष्कळ छड्या खाल्ल्या आहेत, त्यांच्याही. त्या दिवशी एक मिळाली असती तर मी आभार मानले असते.

मामांनी मग भट्टी आठवड्यातून दोनदाच लावायची, तीही बाई चर्चला किंवा बाजाराला गेल्या की, असं ठरवलं. हे ते कौतुकाने सांगत. पण साल आडव्या पाईपात साचत गेलं आणि भट्टी बंद असतानाही जळका वास वर येत राहिला.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. नगरच्या वसतिगृहातून मी मामांना पत्र लिहायला घेतलं: पाईप बदला, मागच्या भिंतीला सरळ न्या, मी चुकीचं बोललो. चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. पाचव्या वेळी पोस्टात टाकलं त्यात एवढंच होतं की माझी तब्येत बरी आहे आणि मेसचं जेवण ठीक आहे. बाईंना लिहायचं धाडस झालं नाही. माझ्या इंग्रजीतल्या चुका त्यांनी लाल शाईने काढल्या होत्या. ही चूक मराठीत होती आणि एका शब्दाची होती.

थंडीत मामांचं कार्ड आलं. ते दुसऱ्याकडून लिहून घेत, म्हणून भाषा शुद्ध असे. त्यात लिहिलं होतं, एक संचालक वारल्याने त्यांच्या जागी मामांना घेतलं, चेअरमनसाहेब स्वतः म्हणाले की ज्याची चिमणी रस्त्यावरून दिसते त्याला बाहेर कसं ठेवायचं. सत्कार झाला. तू हवा होतास. चीफ केमिस्टसाहेब बदली होऊन गेले, म्हणून मशीन विकून टाकलं. चिमणी ठेवली आहे, लोक पत्ता सांगताना तिचाच सांगतात.

कार्डाच्या कडेला, जागा संपत आली म्हणून बारीक अक्षरात, आणखी एक ओळ होती. बाई दिवाळीच्या आधीच श्रीरामपूरला बहिणीकडे गेल्या, आता येणार नाहीत म्हणतात, जाताना तुझ्यासाठी शब्दकोश ठेवून गेल्या आहेत, येशील तेव्हा घेऊन जा.