यंत्राला न दिसलेलं मराठी

काचबिंदूने माझ्या नवऱ्याची नजर हळूहळू नेली आणि त्यांचं लिहिणं थांबलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते सटाण्याजवळच्या आपल्या गावाच्या आठवणी संगणकावर टाइप करत होते. कांद्याच्या चाळी, बैलांचे स्वभाव, गल्लीतल्या भांडकुदळ काकू. पुस्तक संपत आलं होतं, पण मागचं वाचता येईना म्हणून पुढचं सुचेना.

तुम्ही म्हणाल, बायकोने वाचून दाखवायचं. दाखवत होते की! पण वाचायला बसले की माझं तोंड गप्प राहत नाही. "अहो, हे असं नव्हतंच," "हे फार लांबवलंय तुम्ही," असं मधेमधे चालूच. ते ऐकून घ्यायचे आणि "राहू दे, तुझा स्वयंपाक खोळंबला असेल" म्हणून उठायचे. एके दिवशी त्यांनी पुण्याच्या मुलीला फोनवर विचारलं, "संगणक स्वतःच वाचून दाखवेल असं काही मिळतं का गं?" मला जरा झोंबलंच.

मुलीने तिथूनच आमच्या संगणकात तसं सॉफ्टवेअर बसवून दिलं. कोणती कळ दाबली की वाचन सुरू, कोणती दाबली की तेच वाक्य पुन्हा, हे त्यांनी बोटांना शिकवलं. मी बातम्यांचं पान उघडून दिलं. शहरातल्या द्वारका चौकातली वाहतूक कोंडी यंत्राने अशी खणखणीत मराठीत वाचली की मी हातातली कढई तशीच धरून ऐकत राहिले. निर्जीव डब्याला आपली भाषा बोलताना ऐकून मला भरूनच आलं.

मग त्यांची फाइल उघडली आणि यंत्र बरळायला लागलं. सुटी इंग्रजी अक्षरं, मधेच कंस, मधेच डॉलर. मला तर पडद्यावर स्वच्छ मराठी दिसत होतं. "एवढं ठळक लिहिलंय, मेल्याला दिसत नाही का!" मी यंत्रालाच झापलं. आवाज बदलून पाहिला, वेग कमी केला, दुसरं सॉफ्टवेअर आणलं. तेही तसंच बरळलं. स्वतःचं लिखाण असं झपाटल्यासारखं बरळताना ऐकून ह्यांचा चेहरा पार उतरला, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

शेवटी फाइलमधली एक ओळ उचलून मी मुलीला मेसेज केली. लगेच फोन आला. "आई, हे काय गिचमिड पाठवलंयस? यात एकही मराठी अक्षर नाहीये."

तेव्हा कुठे उजेड पडला. संगणक घेतला तेव्हा दुकानदाराने त्यात मराठी फॉन्ट टाकून दिला होता. त्या काळी सगळे तसेच लिहायचे. लग्नपत्रिका काय, शाळेची परिपत्रकं काय. त्यात आत साठतात ती इंग्रजी अक्षरं, मराठी असतं ते फक्त वरून घातलेले कपडे. डोळस माणसाला कपडे दिसतात. यंत्र आतलं वाचतं. इतकी वर्षं आम्ही मराठी समजून जे लिहिलं, ते यंत्राच्या लेखी मराठी नव्हतंच.

मग शोधाशोध. आतली ही इंग्रजी अक्षरं खऱ्या मराठीत बदलून देणारं काहीतरी कुणीतरी बनवलं असेलच. एकाने सगळी जोडाक्षरं खाल्ली. दुसऱ्याने आधी नाव, गाव, मोबाइल नंबर मागितला. त्याला तिथेच रामराम ठोकला. आणि मग एक साधंसं पान सापडलं. दोन चौकोन, मधे एक बटण, शेजारी जुन्या फॉन्टची नावं. ना जाहिरात, ना पैसे. आमच्या फॉन्टचं नाव निवडलं, वरच्या चौकोनात ती गिचमिड ओतली आणि बटण दाबलं.

खालच्या चौकोनात चाळी, बैल आणि काकू उभ्या राहिल्या.

कुण्या अनोळखी माणसाने एकेक अक्षर, एकेक काना, अर्धा र, रफार जुळवत हे रचलं असेल आणि जाता येता कुणीही घ्यावं असं ठेवून दिलं असेल. मी मनोमन त्याला नमस्कार केला.

यंत्राने पहिलं वाक्य वाचलं आणि हे ताठ बसले. "हाई मनंच शे," म्हणाले. हे माझंच आहे. माझ्याशी जन्मभर शाळेतलं मराठी बोललेला माणूस गावाकडच्या अहिराणीत बोलला! थोड्या वेळाने ते अगदी हळू म्हणाले, "तू जरा बाहेर बसतेस का?" मी दार लोटून गॅलरीत मेथी निवडायला बसले.

आतून यंत्राचा आवाज येत होता. "आई विहिरीवरून आली की अंगणात तिच्या पावलांचे ओले ठसे उमटत आणि आम्ही त्यांवर पाय ठेवत घरात शिरत असू." थोडं थांबून तेच वाक्य. पुन्हा तेच. मग पुन्हा. मेथी निवडून झाली तरी आत तेच वाक्य चालू होतं.

मी वाचत होते तेव्हा त्यांनी मला एकही वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं नव्हतं.