अडेल तिथून पुढे

माझा मित्र सुभाष याच्या फोटो स्टुडिओत चार डिस्क मिळून गिऱ्हाइकांचे फोटो, घरचे व्हिडिओ, सगळं साठवत. एक बंद पडली तरी चालतं, दुसरी गेली की सगळंच जातं. एक कधीच गेली होती. काम चालतंय म्हणून सुभाषने लाल दिव्याकडे पाहिलंच नाही. आता दुसरी टकटकू लागली. दुरुस्तीला आलेले अनंतकाका तिला कान लावून म्हणाले, “आधी फक्त नक्कल. सहज देईल ते घ्यायचं, अडेल तिथून पुढे जायचं. तिला तेच पुन्हापुन्हा विचारलं तर सगळंच जाईल.”

मला दवाखान्यातली खाट आठवली. येणारा प्रत्येक जण वाकून विचारतो, “मला ओळखलंत का?” आजाऱ्याचा उरलासुरला श्वासही ज्याला त्याला स्वतःच्या नावासाठी हवा असतो.

नक्कल अडली. काका हळूच म्हणाले, “इथे तुझ्या आईचा व्हिडिओ आहे.”

गेलेल्या आईचा आवाज सुभाषकडे तेवढाच उरला होता. डिस्क टकटकत राहिली.

“पुढे चला, काका,” तो म्हणाला.